चाकांवरचा सोपा

घर कशाला म्हणावे, असे कोणी विचारले तर बहुतेक मंडळी भिंती आणि छप्पर एवढी दोनच नावे घेतील. पण ज्याने जुन्या घरात दिवस काढले आहेत तो आणखी एका जागेचे नाव घेतल्यावाचून राहणार नाही. ही जागा धड घरात नसते आणि धड रस्त्यावरही नसते. पुण्याकडे तिला ओसरी म्हणतात, सातारा-सांगलीकडे सोपा म्हणतात. आलेला माणूस आधी तिथे टेकतो. गड्याचा हिशेब, सोयरिकीची बोलणी, भाऊबंदकीचे तंटे आणि म्हाताऱ्यांची दुपारची डुलकी, सारे तिथेच चालते. मराठीचा मास्तर म्हणून मला नेहमी गंमत वाटत आली आहे की, ज्या शब्दाने जागा दाखवायची त्याच शब्दाने ‘अवघड नव्हे’ असाही अर्थ आपण सांगतो. सोपा असला की घरात शिरणे सोपे जाते!

आता हे घर चाकांवर असेल तर? तर त्यालाही सोपा लागतोच. सातारा आणि सांगली ह्या दोन जिल्ह्यांना चाकांवरची घरे नवी नाहीत. आषाढात ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा दिंड्यांचे ट्रक राहुट्या घेऊन पुढे धावत असतात. ट्रक ही कोठी, राहुटी हे माजघर, आणि ट्रकच्या बाजूला बांधलेली ताडपत्री हा सोपा. मिरज तालुक्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंचा तमाशा असाच गावोगाव फिरला. जत्रांतून पडदा लावणाऱ्या तंबू-सिनेमांच्या गाड्यांवर तर एक माहितीपटच निघाला आणि तो २०१६ साली थेट कान महोत्सवात जाऊन पोहोचला. तेव्हा २०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि शहरातली मंडळी ‘फिरते घर, फिरते घर’ म्हणून कौतुक करू लागली, तेव्हा आमच्या आईला त्यात विशेष असे काही वाटले नाही. ती म्हणाली, “अरे, ऊसतोडीवाले नाही का बैलगाडीत संसार घालून येत?”

हे फिरते घर आमच्याकडे आणले धाकट्या भावाने. तो इंजिनिअर. नोकरीतून लवकर मोकळा झाला आणि एक जुनी लांबट गाडी घेऊन तिच्यात त्याने झोपायच्या फळ्या, शेगडी, पाण्याची टाकी, दिवे असे सगळे बसवले. पण त्याचा खरा अभिमान होता तो गाडीच्या डाव्या अंगाला, टपाच्या कडेला बसवलेल्या गुंडाळीच्या छतावर. तो त्याला ऑनिंग म्हणे. एरवी ते आडव्या नळकांड्यासारखे चिकटून बसलेले असायचे. खटका काढून पट्टा ओढला की त्यातून जाड रंगीत कापड उलगडत यायचे आणि दोन टोकांच्या दोन बाह्या त्याला तोलून धरायच्या. पाहता पाहता गाडीसमोर चार खुर्च्या आणि एक चटई मावेल एवढी सावली पडायची. आईने ते प्रथम पाहिले तेव्हा तिने त्याचे बारसे करून टाकले. “हा सोपा छान केलास हो,” ती म्हणाली.

त्या सोप्यावर पुढे केवढे अवलंबून राहणार आहे, ह्याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

आईचे माहेर हरिपूर. सांगलीपासून अगदी हाकेच्या अंतरावर, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे गाव. ‘शारदा’कार गोविंद बल्लाळ देवल १८५५ साली इथेच जन्मले, आणि आमच्या आईला ही गोष्ट आपल्या घराण्यातलीच वाटते. गावाची दुसरी ओळख म्हणजे हळदीची पेवे. जमिनीच्या पोटात खणलेल्या खोल कोठारांत सांगलीच्या पेठेतली हळद वर्षानुवर्षे टिकून राहायची. २००५ च्या महापुरात ती पेवे बुडाली. पुढे २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर चढले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पाण्यात आईच्या माहेरच्या पांढऱ्या मातीच्या भिंती बसल्या. माणसे वेळेवर बाहेर पडली, पण घर गेले. मामेभाऊ सांगलीत विश्रामबागेकडे राहायला गेले आणि हरिपुरात उरले ते फक्त दगडी जोते.

गेल्या मार्गशीर्षात मामेभावांचा फोन आला. जागा विकायची ठरली होती आणि हक्कसोडपत्रावर आत्याची सही हवी होती. सोमवारी सांगलीच्या कचेरीत नोंदणी. आई एक्क्याऐंशी वर्षांची. गुडघे पार गेलेले. तिने फोन ऐकून घेतला आणि एवढेच म्हणाली, “सही करीन. त्या पोरांचे कुठे अडवायचे आहे मला? पण आधी एक दिवस माझ्या बापाच्या सोप्यात बसेन, मग करीन.”

सोपा होता कुठे बसायला? मामेभाऊ गप्प झाले. मग भावाने फोन हातात घेतला आणि सांगितले, “सोपा आम्ही घेऊन येतो.”

अशी आमची स्वारी गुरुवारी निघाली. आई, भाऊ, वहिनी, आमचे कुटुंब आणि मी. पहिला मुक्काम साताऱ्याला. शुक्रवारी सकाळी आईला सज्जनगड लांबून तरी दाखवावा म्हणून त्या रस्त्याला लागलो, तो ठोसेघरही मागे टाकून चाळकेवाडीच्या पठारावर पोहोचलो. हे पठार ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा पाहावे. नजर जाईल तिथवर सपाट, पिवळे गवत आणि त्यात ओळीने उभे असलेले पवनचक्क्यांचे पांढरे खांब. पवनचक्क्या उगाच कोणी कुठे उभ्या करीत नाही. पण त्या सकाळी त्यांची पाती इतकी संथ फिरत होती की, जणू वारा अजून अंथरुणातच होता. भावाने छत उलगडले, वहिनींनी चहा टाकला, आई खुर्चीत बसली. दहा-पंधरा मिनिटे सुखात गेली.

मग दरीकडून पहिला झोत आला. भाऊ तत्काळ उठून छत गुंडाळायला धावला. पण नळकांड्याला धरून ठेवणारी कापडाची कड तेवढ्यात टर्र झाली. कापड तसे शाबूत होते. कुजला होता तो शिवणीचा दोरा. चार उन्हाळे टपावर काढलेल्या दोऱ्यात काही राम उरला नव्हता. पुढचे सारे क्षणात झाले. कड खाचेतून सुटली, आतली स्प्रिंग मोकळी झाली, नळकांडे भिंगरीसारखे गरगरले आणि एक बाही वाकून बसली. नशिबाने कोणाला लागले नाही. आईच्या कपातला चहासुद्धा सांडला नाही. तिने वर पाहिले आणि विचारले, “आता रे?”

ज्या कंपनीकडून हे छत आले होते तिला भावाने तिथूनच फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांचा स्वर मोठा नम्र होता. ते म्हणाले, अशी वस्तू दुरुस्त होत नसते, बदलायची असते. नवा संच परदेशातून येईल, दोन महिने लागतील, आणि खर्च म्हणाल तर... त्यांनी जो आकडा सांगितला त्यात माझी पहिली स्कूटर दोनदा आली असती. आमच्याजवळ दोन महिने नव्हते. दोन दिवस होते.

साताऱ्यात खाली उतरल्यावर आम्ही एका ताडपत्रीच्या दुकानात चौकशी केली. मालकांनी कापड हातात घेतले, दोन बोटांत चोळले आणि म्हणाले, “कापड अजून धा वर्सं जातंय. शिवून देनारा मिरजंला गावंल. पर हे नळकांडं आमच्या कामाचं न्हाई. तुमी असं करा सर, शटरवाल्याला दावा.”

शटरवाला! दुकानाच्या दारावर घरघर करीत वरखाली होणारे लोखंडी शटर आणि भावाचे ते परदेशी छत ह्यांचा काही संबंध असेल, हे आम्हां सुशिक्षितांच्या ध्यानातही आले नव्हते. भाऊ मात्र कपाळावर हात मारून म्हणाला, “दादा, खरंच की!” आणि आम्ही हमरस्त्याला लागलो.

सातारा ते सांगली हा रस्ता त्या दिवसांत उसाचा असतो. उंब्रज गेले, कराड गेले, पेठ नाक्याला वळून आष्ट्याकडे निघालो तो बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. कडेच्या मोकळ्या रानात ऊसतोडणीवाल्यांच्या कोपी उभ्या होत्या. एके ठिकाणी पाण्यासाठी थांबलो. एक बाई फाटकी ताडपत्री मांडीवर घेऊन दाभण आणि सुतळीने ठिगळ लावीत होती. आईने खिडकीतूनच विचारले, “गाव कोनचं गं?” “बीडकडचं, आज्जी,” ती म्हणाली. मग आमच्या लोंबणाऱ्या छताकडे पाहून हसली आणि म्हणाली, “तुमचं बी फाटलं व्हय?” त्या ‘तुमचं बी’मध्ये अशी काही जवळीक होती की, आमच्या वहिनींनी डब्यातले अर्धे लाडू काढून तिच्या मुलांना दिले.

शनिवारी सकाळी आम्ही मिरजेत होतो. शिवणारे मास्तर मांडवाच्या कनाती आणि दिंड्यांच्या राहुट्या शिवणारे. त्यांचे यंत्र आमच्या घरच्या शिवणयंत्राच्या दुप्पट. त्यांनी आधी जुना दोरा सगळा उसवला. “सर, ऊन पयल्यांदा दोरा खातंय, मग कापड,” ते म्हणाले. “सुती दोरा भिजून कुजतोय. म्हणून पॉलिस्टरचा घ्याचा, आन शिवन दोनदा मारायची.” फाटलेल्या कडेला त्यांनी तशाच कापडाची नवी पट्टी जोडली, पट्टीच्या पोटात नायलॉनची दोरी घालून ती शिवली आणि शिवणीवरून मेणाचा खडा फिरवला. दोरी का, तर ती कडेला जाडी देते. नळकांड्याला लांबच लांब खाच असते आणि तिचे तोंड अरुंद असते. दोरी घातलेली कड एका टोकाने आत सरकवली की, मग ती तोंडातून बाहेर निघू शकत नाही. परकरात नाडी अडकून राहावी तसा हा प्रकार.

शिवण चालू असताना मी आणि आमचे कुटुंब सतारमेकर गल्लीत एक फेरी मारून आलो. मिरजेला येऊन तिथे न जाणे हे पंढरपूरला जाऊन चंद्रभागा न पाहण्यासारखे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्याने एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये करायला घेतली आणि मिरजेचे नाव देशभर केले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. एका दुकानात एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याची जवारी लावीत बसले होते. तार आणि घोडी ह्यांच्या मध्ये सुताचा एक बारीक धागा ते पुढेमागे सरकवीत होते. धागा केसभर सरकला की मुक्या तारेतून गुंजन उठे, आणखी केसभर सरकला की ते पुन्हा हरपे. एवढा मोठा भोपळा, एवढी लांब दांडी, आणि सारा जीव त्या धाग्यात! चाळकेवाडीच्या पठारावर आमचाही जीव अशाच एका दोऱ्यात होता, हे मला तिथे उभे असताना जाणवले.

दुपारी शटरवाले मिस्त्री आले. वय पन्नाशीचे, अंगावर निळा सदरा, खिशाला पाना. त्यांनी नळकांड्याच्या टोकाची टोपी काढून आत डोकावले आणि हसून म्हणाले, “काय न्हाई हो सर, हे आपलं शटरच की! शटर उभं उतरतंय, हे आडवं जातंय, येवढंच.”

आणि खरोखर तसेच निघाले. शटरच्या वरच्या पाइपात पिळाची स्प्रिंग असते. शटर खाली ओढले की तिला पीळ बसतो आणि वर ढकलताना तोच पीळ अर्धे वजन उचलतो. छताचेही तेच. कापड बाहेर ओढले की नळकांड्यातल्या स्प्रिंगा पिळल्या जातात. सोडले की त्या कापड आत खेचतात. आमच्या स्प्रिंगा तुटल्या नव्हत्या, नुसत्या सुटल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, “तुटल्याली स्प्रिंग गुन्हेगार न्हवं, पिळल्याली गुन्हेगार. तिला हात लावताना तोंड बाजूला पायजे.” २०१९ चा पूर ओसरला तेव्हा सांगलीच्या बाजारपेठेत गाळाने आणि गंजाने धरलेली शटरे त्यांनी दिवसरात्र मोकळी केली होती. “एकेक दुकानदार दारात हुबा आसायचा,” ते सांगत होते. “शटर उघडल्याबिगर आत काय ऱ्हायलंय ते कळनार कसं? आन उघडल्यावर बगवत नसायचं.”

मग बसवणे सुरू झाले. वाकलेली बाही त्यांनी लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ केली. तिचे खिळे नवे मारले. खाच ब्रशने साफ करून साबणाचे पाणी लावले. शिवणारे मास्तर एका टोकाने कड आत देत होते, मी दुसऱ्या टोकाने ओढत होतो आणि भाऊ मधोमध शिडीवर चढून कापड सुरकुतू देत नव्हता. तिघांची पावले एका तालात पडली तरच ते सरके. कापड पुरते बसल्यावर नळकांडे दोरीने गच्च बांधले आणि शेवटी स्प्रिंगांना पीळ दिला. दोन टोकांच्या स्प्रिंगा परस्परविरुद्ध दिशांनी पिळायच्या असतात, कारण दोघींची तोंडे समोरासमोर. मिस्त्री पान्याने एकेक फेरा देत होते आणि आई खुर्चीत बसून मोठ्याने मोजत होती. प्रत्येक टोकाला चौदा फेरे झाले. पिन अडकवली, दोरी सोडली, आणि छत जपून उलगडून पुन्हा गुंडाळले. ते सुर्रकन आत गेले. कापडाची जुनी हिरवी छटा आणि नव्या पट्टीची गडद छटा वेगळी दिसत होती. भावाला ते थोडे लागले. आई म्हणाली, “दिसू दे. लुगड्याला दंड घातला म्हणून कोणी लुगडे टाकते का?”

जाताना शिवणाऱ्या मास्तरांनी दोन गोष्टी बजावल्या. एक बाही नेहमी थोडी खाली ठेवायची, म्हणजे पाऊस आला तर पाणी साचून झोळ पडत नाही. आणि वारा सुटला की दोर-खुंट्यांच्या भरवशावर न राहता सरळ गुंडाळून घ्यायचे. “वाऱ्यासंगं वाद घालू नगा,” ते म्हणाले. “आमच्या दिंडीच्या राहुट्यांना बी मी हेच सांगतोय.”

रविवारी दहाच्या सुमारास आम्ही हरिपुरात पोहोचलो. संगमेश्वराचे दर्शन आईने गाडीतूनच हात जोडून घेतले. जोत्यावर गवत माजले होते, एका कोपऱ्यात तुळशीवृंदावनाचा अर्धा कट्टा उभा होता. आईने गाडी कुठे लावायची ते बोटाने दाखवले: थोडी पुढे, थोडी डावीकडे, हां, इथे. भावाने पट्टा ओढला. छत उलगडले आणि सावली बरोबर जोत्याच्या पुढच्या कडेवर पडली. जिथे तिच्या वडिलांचा सोपा होता तिथे.

आई बसली. पहिला अर्धा तास कोणीच आले नाही. मग पलीकडच्या गल्लीतून एक आजीबाई काठी टेकत आल्या, सावलीच्या कडेशी थांबल्या आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, “आक्का? आक्काच न्हवं तू?” त्यानंतर मात्र खुर्च्या कमी पडल्या. कोणी ताक आणले, कोणी शेंगा आणल्या. पेवांवर हळद मोजायला कोण बसायचे, कोणत्या साली पाणी कुठवर आले, कोणाची लेक कुठे दिली, अशा गप्पांचा नुसता पूर लोटला. मामेभाऊ आले ते आधी उभेच राहिले. त्यांना वाटले असावे, आत्या आता रडेल किंवा रागावेल. आत्याने त्यांना बसायला सांगितले, जागा कोण घेणार ते विचारले, किंमत विचारली, आणि “बरी मिळाली की रे” म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “दर पावसाळ्यात पाण्याकडे बघत बसण्यापेक्षा तुम्ही उंचावर गेलात हे चांगलंच केलंत. उद्या येते मी सहीला.”

चार वाजता नदीकडून वारा सुटला. छताची कड किंचित फडफडली. भाऊ काही बोलायच्या आत आईच म्हणाली, “गुंडाळ रे बाबा. वाऱ्यासंगं वाद नको.” खटका सुटला, कापड सुर्रकन आत गेले, आणि इतका वेळ भरलेला सोपा क्षणात नुसते ऊन आणि गवत झाला. ती आजीबाई मात्र तिथेच बसून होती. तिच्या डोक्यावरची सावली गेली हे तिच्या गावीही नव्हते.

सोमवारी कचेरीत सही झाली. माहेरच्या माणसांनी आईच्या हाती साडीचोळीचे म्हणून एक पाकीट ठेवले. गाडीत बसल्यावर तिने ते उघडले, नोटा मोजल्या आणि भावाला विचारले, “त्या शटरवाल्याचे आणि शिंप्याचे मिळून किती झाले?” भावाने सांगितले. नव्या छताच्या किमतीचा तो विसावा हिस्साही नव्हता. आईने तेवढे पैसे काढून त्याच्या हातात दिले आणि पाकीट मिटले.

“राहू दे ग आई,” भाऊ म्हणाला.

“राहू दे कसे?” ती म्हणाली. “माझ्या बापाच्या सोप्याची डागडुजी आहे ती. ती माहेरच्या पैशातूनच व्हायला हवी.”